सूर्याच्या चित्रावर पडलेला बर्फ

(दृश्य: सोहो यानाने टिपलेली सूर्याची चित्रं, एकामागून एक)

१४ जुलै २०००, शुक्रवार. भारतात दुपारचे चार वाजत आलेत. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सोहो हे सूर्याचा अभ्यास करणारं यान सूर्याकडे तोंड करून आहे. कॅमेऱ्याच्या मधोमध दिसते ती तबकडी सूर्याचं बिंब झाकते. उन्हात आपण कपाळावर हात आडवा धरतो ना, तसंच.

आता नीट बघा. तबकडीभोवती पांढरा ढग उसळला. पुढच्या चित्रात ठिपके आले. मग रेघा. मग इतके ठिपके, की प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं विरळ वायूचं वलय, दिसेनासंच झालं. जणू बर्फ पडतोय.

यातला प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेघ म्हणजे कॅमेऱ्याच्या चिपमध्ये घुसलेला एक कण. बहुतेक प्रोटॉन. ते भिंगातून आले नाहीत, यानाच्या धातूतून आरपार आले.

सूर्याकडून प्रोटॉन रोजच येतात. सौरवाऱ्यातले, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतातले, प्रोटॉन सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने निघतात आणि इथवर पोचायला चार दिवस घेतात. हे मात्र अर्ध्या तासाच्या आत हजर झाले. त्यांतल्या काहींची ऊर्जा सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनच्या दहा लाख पट होती. नुसत्या उष्णतेने एवढी ऊर्जा मिळत नाही. मग ती आली कुठून?

या विषयातलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते इथेच. त्या दिवशी सूर्यावर ज्वाला भडकली आणि अब्जावधी टन प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, सेकंदाला सुमारे १,७०० किलोमीटर वेगाने बाहेर फेकला गेला. समोरच्या विरळ वायूला बाजूला व्हायलाही उसंत मिळाली नाही. आवाजाहून वेगवान विमानापुढे उठते तशी आघातलाट उठली. एखादा प्रोटॉन या लाटेवर आपटतो, पुढे उडतो, पुढच्या विस्कटलेल्या चुंबकीय क्षेत्रात अडखळून माघारी वळतो. तोवर लाट अंगावर आलेलीच असते. पुढे येणाऱ्या बॅटवर चेंडू बसला की तो आला त्याहून वेगाने परत जातो. इथेही दर खेपेला थोडा वेग पदरात पडतो. एका खेपेची कमाई किरकोळ, पण खेपांवर खेपा होत राहतात. बहुतेक कण मध्येच निसटतात. जे थोडे टिकतात, ते प्रकाशाच्या निम्म्या वेगालाही मागे टाकतात.

काही कणांना ज्वालेतच, चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना, रेटा मिळतो. कुणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

(दृश्य: शेतातला फिरता स्प्रिंकलर)

हे कण सरळ रेषेत येत नाहीत. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्या चुंबकीय रेषा या पाण्याच्या धारेसारख्या वाकतात. त्या वाकड्या वाटेनेच कण येतात. म्हणूनच सूर्याच्या पश्चिमेकडच्या भागात भडकलेल्या ज्वालेचे कण आपल्याला लवकर गाठतात.

ऑगस्ट १९७२ मध्ये असाच एक प्रचंड मारा झाला. चंद्रावर माणसं नेणारं अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघायचं होतं. त्या मधल्या दिवसांत चंद्रावर कुणी नव्हतं. असतं, तर अंगावरच्या अंतराळपोशाखाने त्याचा बचाव झाला नसता.

जानेवारी २०२४ पासून सोहोच्याच परिसरात आपलं सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ यान आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं स्टेप्स उपकरण तिथे हे कण मोजतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली घडलेली सूट दुर्बीण ज्वाला जिथे भडकते, ती जागाच बघते. ज्वालेचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत पोचतो. सर्वांत वेगवान कण त्याच्यामागून काही मिनिटांतच येतात.