राक्षसाला काय हवंय?

नमस्कार मंडळी. "बाई, तुम्ही भुताखेतांच्या कथा लिहिता, मग तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे का?" हा प्रश्न शेवटी कुणीतरी विचारणारच, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. भुतांवर नाही. पण ती रचणाऱ्या आज्या-पणज्यांवर फार आहे. त्यांनी भुतांच्या जाती कशा लावून ठेवल्यात बघा. मुंज झालेला पोरगा लग्नाआधी गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसला. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण झाली. मूलबाळ नाही, जीव पुरलेल्या धनात, असा कुणी गेला की तो समंध. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलंय. पोटभर जेवून, नातवंडांच्या गराड्यात मेलेला सावकार भूत झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, आणि जिवंतपणी सगळं गाव भ्यायचं ते त्यालाच.

त्यामुळं कथेत राक्षस आणायचा झाला तर मी त्याचे दात मोजत बसत नाही. त्याला काय हवंय ते आधी बघते. नव्यानं लिहिणारी मुलं माझ्याकडं कथा पाठवतात, त्यात दोन-दोन पानं नुसती नखं, लाल डोळे, मोकळे केस. अरे, पण ती बाई तुमच्या दारात आली कशाला? तेवढं सांगा, केस मग बांधलेले असले तरी चालतील.

आम्ही लातूरकडची माणसं. 30 सप्टेंबर 1993 ला गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी भागात दगडमातीची घरं अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यावर लिहा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. भूकंपाला राक्षस म्हणायची पद्धतही आहे. मला ते पटत नाही. भूकंपाला कुणाकडून काही नको असतं. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला नवस बोलता येत नाही. मला लिहावंसं वाटतं ते पुढचं. नवं घर कुणाला कुठं मिळणार, यावरून सख्खे भाऊ एकमेकांकडं कसे बघायला लागतात, तिथून.

वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिणेच्या बाजूला रावण आहे. पर्वताखाली बसून सगळ्या हातांनी तो हलवायलाय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, एक दासी पळत सुटलीय, आणि शंकर निवांत. मी तिथं गेले की खालीच जास्त वेळ उभी राहते. कारागिरानं रावणावर किती मेहनत घेतलीय! इतकं खोल कोरलंय की हात दगडापासून सुटे झालेत. जोर पाठीत दिसतो. रावण लेचापेचा काढला असता तर वरच्या देवाच्या अंगठ्याला काय किंमत राहिली असती? कथा लिहिणाऱ्यानं हे तिथं जाऊन बघावं, कार्यशाळेत शिकवता येत नाही.

आता भानामती. मराठवाड्यातल्या माणसाला ती समजावून सांगायची गरज नाही. ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं लुगडं जळतं, रात्री पत्र्यावर दगड पडतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. मी लहान असताना आमच्या आळीत एका घरी हे चाललं होतं. त्या घरची सून अठरा-एकोणीसची असेल. बायका बघायला जायच्या, आईबरोबर मीही गेले. डाव्या दंडावर, मनगटाच्या वर, काळ्या फुल्या. कडेनं कातडं फुगून पाणी धरलेलं. उजवा हात मात्र स्वच्छ. आईनं दोन्ही हात नीट बघितले. बिब्बा कुणाच्या घरात नसतो! पण आई काही बोलली नाही. "चल, पाणी यायची वेळ झाली," म्हणाली आणि मला ओढत बाहेर घेऊन आली.

पोरीला लग्न झाल्यापासून माहेरी पाठवलं नव्हतं. भानामती झाल्यावर देवऋषी म्हणाला, हिला काही दिवस या उंबऱ्याबाहेर ठेवा. ती नागपंचमीला माहेरी गेली. देवऋष्याला कोंबडं आणि पैसे मिळाले. गावाला करणी करणारी सापडली: वेशीजवळ एकटी राहणारी एक विधवा म्हातारी. तिला आडावर येऊ देईनात. पुढं ती गाव सोडून गेली.

पुष्कळ वर्षांनी मी यावर कथा लिहिली. ती सुनेच्या बाजूनं लिहिणं सोपं होतं, वाचक लगेच रडला असता. म्हातारीच्या बाजूनं तर आणखी सोपं. मी ती आईच्या बाजूनं लिहिली. जिला सगळं कळलं होतं आणि जी पाणी भरायला गेली. ती बोलली असती तर त्या पोरीला घरात जिवंत ठेवलं असतं का? आणि गप्प बसली म्हणून म्हातारी गेली. माझ्या सगळ्या लिखाणात मला सगळ्यात जास्त भीती या बाईची वाटली, आणि तिच्याच हातचं खाऊन मी वाढले.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो हवाच होता. भानामती करतो, उतरवतो म्हणणाऱ्या मांत्रिकाला आता आत टाकता येतं. पण आईला कुठल्या कलमात बसवणार? ते काम कथेचं.

बाकी, भुताचा सगळ्यात धीट वापर आपल्या पैठणच्या नाथांनी करून ठेवलाय. भारुडात एक झपाटलेली बाई बोलते आणि ते जबर भूत म्हणजे साक्षात देव! लागलं की सुटत नाही. चारशेहून जास्त वर्षं झाली, लोक अजून हसत ऐकतात. आमच्या भुतांना एवढं आयुष्य नाही.

सध्या मी त्या देवऋष्यावर लिहायलेय. त्याची पोरगी तापानं फणफणलीय आणि तो अंगारा न लावता तिला पहिल्या एस्टीनं लातूरला डॉक्टरकडं घेऊन जातो. दवाखान्यात नंबर लावून बसतो, तर शेजारच्या बाकड्यावर त्या म्हातारीचा भाचा. तो ह्याला ओळखतो. इथपर्यंत झालंय. भाच्यानं तोंड उघडावं की नुसतं सरकून पोरीला जागा द्यावी, हे माझं अजून ठरत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर चहाच्या वेळी सांगा. आता प्रश्न घेऊ.