विनोदाआधीचे दोन सेकंद

(पडद्यावर: टेबलावर एक जुनी ऑडिओ कॅसेट. संगीत नाही.)

घरातला हसवणारा माणूस गेला, की त्याच्यावर छोटी फिल्म करायचं ठरतं आणि सगळे फोटोंच्या मागे लागतात. फोटोत माणूस हसताना दिसतो. तो हसवायचा कसा, ते मात्र आवाजात असतं. म्हणून आधी आवाज शोधायचा.

मोबाइलमधले व्हॉइस मेसेज सगळ्यात आधी उतरवून घ्या, सिम बंद करण्याआधी आणि फोन नातवाला वापरायला देण्याआधी. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं 120 दिवस वापरलं गेलं नाही, तर साधारणपणे काढून टाकलं जातं. चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून संगणकावर घ्या. घरगुती व्हिडिओही पाहा, विशेषतः ज्यांत ते दिसतच नाहीत असे. कॅमेरा त्यांच्याच हातात असतो आणि मागून शेरेबाजी चालू असते.

(जवळून: कॅसेटच्या तोंडाशी, फितीच्या मागे, पातळ धातूच्या पट्टीवर बसवलेला फेल्टचा तुकडा.)

नखापेक्षाही लहान असा हा तुकडा फितीला टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याचा गोंद सुकला की तो निखळतो आणि आवाज तोंडावर उशी धरल्यासारखा येतो. फीत गेली असं समजून लोक कॅसेट फेकून देतात. फीत बहुतेक वेळा शाबूत असते. ती दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली की काम होतं. कवचाला स्क्रू असतील तर घरी जमेल, चिकटवलेलं असेल तर जाणकाराकडे द्या.

वाजवण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे टॅब तोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे फिरवून घ्या. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच रेकॉर्डिंग सुरू असू द्या: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह (WAV) फाइल. ‘आधी ऐकून तर बघू’ म्हणताना फीत गुंतते आणि तुटते.

(पडद्यावर: संगणकावर आवाजाची लहर. मध्ये एक सपाट रेघ.)

ही सपाट रेघ नीट पाहा. समजा, बाबा म्हणतात, “चष्मा शोधायचाय.” मग दोन सेकंद काहीच नाही. “पण तो शोधायला आधी चष्मा लागेल.” सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मधली जागा रिकामी आहे. शांतता आपोआप काढणारं बटण दाबलं, की ती जाते. वाक्य उरतं, विनोद जातो. खरखर घालवताना हात सैल सोडला, तर बोलण्याआधी घेतलेला श्वासही पुसला जातो आणि तो श्वास ऐकूनच घरच्यांना कळायचं, की आता काहीतरी येणार. थोडी खरखर राहू द्या.

विनोद झाल्यावरही लगेच कापू नका. हशा ओसरू द्या. त्याखाली संगीत तर नकोच; सतार किंवा पियानो आला, की बघणारा हसायच्या आधीच गंभीर होतो.

(पडद्यावर: दोन खुर्च्या, एक मायक्रोफोन.)

आता घरच्यांच्या मुलाखती. ‘ते फार विनोदी होते’ या वाक्याचा फिल्मला काही उपयोग नाही. आणि ‘त्यांच्याबद्दल काही सांगा’ असं विचारलं, की नेमकं तेच वाक्य येतं. ते तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायचे? नक्कल कोणाची करायचे? कोणता किस्सा सगळ्यांना पाठ होता, तरी पुन्हा ऐकावा लागायचा? असं विचारा. भावंडांना जोडीने बसवा. एक जण सांगतो, दुसरा “असं नव्हतंच ते” म्हणून मध्येच तोडतो. फिल्ममध्ये दोघांचंही म्हणणं ठेवा.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, पंखा बंद. साधं बोलणं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 18 ते उणे 12 डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावा. नेहमीपेक्षा थोडी खालीच, कारण माणसं अचानक खदखदून हसतात आणि तेवढाच आवाज फाटतो. फाटलेलं हसू नंतर धड दुरुस्त होत नाही.

एक नाजूक गोष्ट. अशा माणसाचे निम्मे विनोद बायकोवर असतात. चारचौघांत त्या हसल्या असतील, तरी त्यांना सगळेच आवडले होते असं धरून चालू नका. कच्ची फिल्म आधी त्यांना एकट्यांना दाखवा. त्या ‘नको’ म्हणतील ते काढा, कारण विचारू नका.

फोटोंचं काम त्यामानाने सोपं. 4 बाय 6 इंचांचा फोटो 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला, की 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात. चेहरा जवळ आणायला तेवढे पुरतात. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेल्या फोटोची फाइल दाबून लहान केली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. सात मिनिटांत दर पाच सेकंदांना एक याप्रमाणे 84 फोटो बसतात, पण कोणीही बसवू नयेत. पंचवीस-तीस पुष्कळ झाले. आजारपणातला फोटो घ्यायचाच असेल, तर एकच.

निवेदनाला मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द लागतात. सात मिनिटांच्या फिल्मला तीनशे शब्द लिहून थांबा. उरलेली जागा त्यांच्या आवाजाची. जन्मापासून सुरुवात करायची गरज नाही. नाव आणि तारखा पाटीवर येऊ द्या, कागदपत्रांवरून तपासून.

फिल्म झाली तरी न कापलेलं रेकॉर्डिंग पुसू नका. त्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग कोण बोलतंय ते.

(काळा पडदा. कॅसेट संपून बटण वर येतं: टक्.)