आधी गाव, मग नाव : आयरिश घराण्यांमधील नात्यांचा शोध

श्रोतेहो, नमस्कार.

बोस्टनमधील एक मर्फी कुटुंब आणि सिडनीतील दुसरे मर्फी कुटुंब यांची कधी गाठ पडली, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपण एकमेकांचे कोण? दोघांचेही पूर्वज आयर्लंडहून बोटीने निघालेले असतात, दोघांच्याही घरी आजीने सांगितलेल्या गोष्टी असतात आणि आडनाव तर एकच असते. तरीही पुष्कळदा खरे उत्तर असे निघते की, ही दोन्ही कुटुंबे एकमेकांची कोणीही नव्हेत. मर्फी हे आयर्लंडमधील सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. वेक्सफर्डकडचे मर्फी निराळे आणि कॉर्ककडचे निराळे, कारण दोन्हींचा उगम स्वतंत्रपणे झालेला आहे. केली या आडनावाचीही हीच स्थिती आहे. म्हणून आयरिश वंशशोधाचे पहिले सूत्र मी आरंभीच सांगून ठेवतो आणि आजच्या भाषणात ते पुनःपुन्हा सांगणार आहे. आधी गाव, मग नाव.

आपल्या कोकणातील पुष्कळ आडनावांत गाव आपसूक येते. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, आणि ते आडनावावरूनच कळते. त्यांच्या आई मात्र वॉटरफर्ड परगण्यातील डंगरवनच्या. तिकडच्या माणसाचे मूळ ठिकाण केवळ आडनावावरून क्वचितच सापडते, ते कागदांतून शोधावे लागते.

आणि आयर्लंडमध्ये नेमके कागदच जळाले. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभीच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातील सार्वजनिक दप्तरखान्यात प्रचंड स्फोट झाला आणि कित्येक शतकांचे दप्तर आगीत गेले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात नष्ट झाले. प्रोटेस्टंट आयरिश चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्याही गेल्या. तथापि सगळा दोष त्या आगीला देणे योग्य नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारी हुकमानेच नष्ट करण्यात आले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धातील कागदटंचाईत लगद्यासाठी गेले होते. मला आगीपेक्षा हे दुसरे नुकसान अधिक सलते, कारण ते शांतपणे, सहीशिक्क्यानिशी झाले. आपल्याकडेही वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद कोणीही न वाचता रद्दीत जातात. निदान एकदा तरी ते कोणी वाचावेत असे मला मनापासून वाटते.

मग उरले काय? १९०१ आणि १९११ या जनगणनांची कुटुंबनिहाय पत्रके सुरक्षित राहिली. १९११ च्या पत्रकात विवाहित स्त्रीला विचारले होते की लग्नाला किती वर्षे झाली, जिवंत मुले किती जन्मली आणि आज किती हयात आहेत. त्या तीन रकान्यांत एका घराचा सारा इतिहास येऊन बसतो. १ जानेवारी १८६४ पासून सर्वांचे जन्म, मृत्यू आणि विवाह सरकारदरबारी नोंदले जाऊ लागले. त्याआधीच्या काळासाठी रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेली जमिनी व घरे यांची आकारणी हाताशी येते. तीत कसणाऱ्याचे नाव, जमीनमालकाचे नाव आणि टाउनलँडचे नाव असते. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा लहानात लहान नाव असलेला तुकडा. अशा साठ हजारांहून अधिक टाउनलँडांत तो चिमुकला देश विभागलेला आहे. आपला मर्फी कोणत्या टाउनलँडचा, हे कळेपर्यंत त्याच्या नात्यांबद्दल एक अक्षरही बोलू नये. आधी गाव, मग नाव.

आता मी ती हकिकत सांगतो, जिच्यासाठी खरे तर मी हा विषय निवडला. ती ॲनी मूर या मुलीची हकिकत आहे.

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर, परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणारे नवे केंद्र उघडले. त्यातून सर्वांत प्रथम आत गेली ती आयर्लंडमधील कॉर्कची ॲनी मूर. क्वीन्सटाउन, म्हणजे आजचे कोव्ह, या बंदरातून ‘नेवाडा’ नावाच्या आगबोटीने अँथनी आणि फिलिप या दोन धाकट्या भावांना घेऊन ती आली होती. आईवडील आधीच न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिले होते. पहिली आगंतुक म्हणून अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. वर्तमानपत्रांनी तिचे वय पंधरा छापले आणि आजच तिचा वाढदिवस आहे असेही लिहिले. प्रत्यक्षात तिचा जन्म १८७४ चा, म्हणजे त्या दिवशी ती सतरा वर्षांची होती. त्यानंतर ती बाहेरच्या गर्दीत मिसळून गेली आणि वर्तमानपत्रे तिला विसरली.

पुढे अनेक दशकांनी, स्थलांतरितांच्या इतिहासाची आस्था अमेरिकेत वाढली तेव्हा, ती ॲनी कोठे गेली हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर टेक्सासमधून आले. तेथील एका कुटुंबात ॲनी मूर नावाची आजी होऊन गेली होती, तिचे लग्न ओकॉनेल नावाच्या गृहस्थाशी झाले होते आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ विजेच्या गाडीखाली सापडून ती मृत्यू पावली होती. नाव तेच, वय जवळपास तेच आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्टही जुळणारी. लोकांनी ती मान्य केली. पुस्तकांत छापली गेली, शाळांत सांगितली गेली, आणि त्या घराण्यातील मंडळींना समारंभांना मानाने बोलावले गेले. १९९३ साली कोव्हच्या धक्क्यावर आणि एलिस बेटावर ॲनीचे पुतळे उभे राहिले तेव्हाही लोकांच्या मनातली ॲनी ही टेक्सासचीच होती. येथे एक गोष्ट मी आवर्जून सांगतो की, त्या कुटुंबाने कोणालाही फसवले नव्हते. त्यांनी आजीवर प्रेम केले आणि ऐकलेले खरे मानले.

मग मेगन स्मोलेन्याक या वंशशोधक बाईंनी ती कागदपत्रे स्वतः पाहिली. स्थलांतरावरील एका माहितीपटासाठी त्या काम करीत होत्या आणि टेक्सासच्या ॲनीची नोंद तपासताना जन्मस्थळाच्या रकान्यावर त्यांची नजर खिळली. तेथे आयर्लंड नव्हते. तेथे इलिनॉय होते. म्हणजे ही बाई अमेरिकेतच जन्मली होती आणि तिला एलिस बेटावर उतरण्याचे काही कारणच नव्हते. श्रोतेहो, नाव जुळले, वय जुळले, घरची गोष्ट जुळली, पण गाव जुळले नाही, आणि त्या एका रकान्याने अनेक दशकांचा विश्वास कोसळला.

खोटी ॲनी बाजूला झाली, पण खरी कोठे होती? २००६ साली स्मोलेन्याक बाईंनी इंटरनेटवरून जाहीर केले की, खऱ्या ॲनीचा माग काढणाऱ्याला हजार डॉलरचे बक्षीस मिळेल. न्यूयॉर्क शहराचे अभिलेख आयुक्त ब्रायन अँडरसन यांनीही शोधात भाग घेतला. आणि येथे या मंडळींची युक्ती पाहा. ॲनीचा माग लागत नव्हता, कारण लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते आणि कागदांतील तिचा धागा तुटतो. म्हणून त्यांनी तिच्या भावाचा माग काढला. धाकट्या फिलिपचे अमेरिकन नागरिकत्वाचे कागद शहराच्या दप्तरात सापडले. पुढे १९३० च्या जनगणनेत तो आपल्या मुलीसह आढळला आणि त्या मुलीच्या वंशातील हयात माणसांपर्यंत ही मंडळी पोचली. त्या घरच्यांना ॲनीआत्याची माहिती होती. काही आठवड्यांतच खरी ॲनी सापडली.

ती टेक्सासला कधी गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, जेथे ती बोटीतून उतरून राहायला आली, तेथल्याच काही गल्ल्यांमध्ये तिने सारा जन्म काढला. जर्मन कुटुंबातील शेयर नावाच्या तरुणाशी तिचे लग्न झाले. तिला अकरा मुले झाली आणि त्यांपैकी पाचच मोठी झाली. १९२४ साली, वयाच्या पन्नाशीत, हृदयविकाराने तिचे निधन झाले आणि क्वीन्स भागातील कॅल्व्हरी कबरस्तानात तिला पुरण्यात आले. त्या कबरीवर नावाचा दगडदेखील नव्हता. तिच्या वंशजांत आज आयरिश आडनावे आहेत, तशीच ज्यू, इटालियन आणि स्कँडिनेव्हियन आडनावेही आहेत. ज्या मुलीचे दोन देशांत पुतळे उभे होते, तिच्या कबरीवर २००८ साली प्रथमच दगड बसला. तो आयर्लंडच्या निळसर चुनखडीचा क्रूस आहे.

मला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती भावाच्या वाटेने बहिणीपर्यंत पोचण्याची रीत. आपला सरळ पूर्वज सापडत नसेल तर त्याच्या भावंडांना शोधा. आपल्याकडील जुन्या कुलवृत्तांतांत मुलांच्या पिढ्या तपशिलाने येतात आणि लेकींची बोळवण मात्र ‘अमुक घराण्यात दिली’ एवढ्यावर होते. हे मला फार खटकते. कारण दोन घराण्यांमधील नाते बहुधा लेकींमधूनच चालते. आयर्लंडच्या कॅथलिक नोंदवह्यांनी याबाबतीत फार मोठे उपकार केले आहेत. या वह्या त्या त्या गावच्या पाद्र्यांकडे होत्या, म्हणून बहुतांशी आगीतून वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची चित्रे २०१५ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. बाप्तिस्म्याच्या एका नोंदीत तारीख, बाळाचे लॅटिनमध्ये लिहिलेले नाव, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, पुष्कळदा टाउनलँड आणि शेवटी दोन धर्ममातापित्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळासाठी उभे राहणाऱ्यांची, नावे असतात. जेम्सला तेथे जेकोबस आणि विल्यमला गुलिएल्मस लिहिलेले सापडेल, एवढे ध्यानात ठेवले की ती नोंद वाचता येते.

वेळ थोडाच उरला आहे, म्हणून नाते सिद्ध कसे होते एवढेच सांगतो. टिपरेरी परगण्यात रायन आडनावाची माणसे इतकी आहेत की, ग्रिफिथच्या आकारणीत लिहिणाऱ्यांनी त्यांच्या नावापुढे बापाचे नाव किंवा टोपणनाव जोडून त्यांना वेगळे केले. समजा, शेजारच्या दोन टाउनलँडांत दोन रायन घरे आहेत. एका घराच्या बाळांना दुसऱ्या घरची माणसे पुनःपुन्हा धर्मपिता म्हणून उभी राहत असतील, तर नात्याची शक्यता वाढते, पण ते सिद्ध होत नाही. मुलांच्या नावांचा क्रमही पाहावा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची चाल तेथे होती, परंतु ती सर्वत्र पाळली गेली असे नाही. खरा ठोस पुरावा विवाहाच्या नोंदीत कधी कधी मिळतो. वधूवर एकमेकांचे जवळचे आप्त असतील तर चर्चची विशेष परवानगी लागे, आणि पाद्री वहीत नात्याची पायरीच लिहून ठेवीत असे. दुसरी पायरी म्हणजे सख्खी चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडे, कारण त्यांचे आजोबा एक असतात. तिसरी पायरी म्हणजे ज्यांचे पणजोबा एक आहेत ती भावंडे. अशी एक ओळ सापडली तर दोन घराण्यांमधील नाते दोन-तीन पिढ्या मागे एका फटक्यात जाते.

जनुकीय चाचण्यांविषयी श्रोते विचारतात. त्या चाचणीतून दोन माणसे एकमेकांची नातलग आहेत हे कळते, पण ती कोणाकडून आणि कशी, हे कागदांशिवाय कळत नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या चार वाड्यांतच लग्ने झाली, तेथे तर नाते असते त्याहून जवळचे भासते.

वयावर मात्र फार विसंबू नये, कारण पुष्कळ वृद्धांपाशी जन्माचा दाखलाच नव्हता. १९०९ पासून सत्तरीच्या पुढील वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि ज्यांच्यापाशी जन्माचा दाखला नव्हता त्यांनी १८४१ व १८५१ च्या जनगणनेत आपले नाव शोधून द्यावे असे अर्ज केले. त्या जनगणना पुढे जळाल्या, परंतु अर्ज वाचले. त्यांवर आईवडिलांची नावे आहेत आणि टाउनलँडही आहे. हरवलेल्या जनगणनेचा अंश अशा रीतीने आज आपल्या हाती उरला आहे.

आणखी एक वाट आपल्या भागातून जाते. ब्रिटिश फौजेत आयरिश शिपाई फार मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यातील छावण्यांत त्यांची लग्ने झाली, मुले जन्मली आणि पुष्कळांना तेथेच मूठमाती मिळाली. मुंबई इलाख्यातील चर्चच्या त्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. एखाद्या आयरिश कुटुंबाचा धागा डब्लिनमध्ये तुटला असेल, तर मुंबईच्या या वह्या एकदा अवश्य उघडाव्यात. शिपायाचे नाव सापडले की त्याच्या पलटणीची कागदपत्रे मागवावीत, कारण भरतीच्या कागदावर त्याचा मूळ परगणा आणि पुष्कळदा पॅरिश, म्हणजे परगण्यातील लहान विभाग, लिहिलेला असतो, आणि तेथून टाउनलँडचा शोध सुरू करता येतो.

नमस्कार.