दुसऱ्या प्रेमाची जोखीम

श्रोतेहो, नमस्कार. अलीकडच्या प्रेमकथांमध्ये एक नायिका वारंवार भेटू लागली आहे. ती पंचेचाळिशी ओलांडलेली असते, नोकरी करते, पतीच्या निधनाने किंवा घटस्फोटाने एकटी झालेली असते, आणि पुन्हा कुणाच्या तरी फोनची वाट पाहू लागल्याबद्दल स्वतःवरच चिडते. तिची जोखीम नेमकी कशात आहे, याविषयी मला आज बोलायचे आहे.

विषय मराठीला नवा नाही. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली १८५६ साली, आणि मराठीतली पहिली मानली जाणारी, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी विधवांची दुःखे मांडत पुढच्याच वर्षी आली. (आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे मराठी कादंबरीहून वयाने मोठे!) १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. शिवाय १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. त्या काळी काय गमवावे लागेल, हे सर्वांना ठाऊक होते.

आज बहिष्काराची भीती बरीच ओसरली आहे, आणि इथेच अनेक लेखकांची पंचाईत होते. मग ते पहिल्या नवऱ्याला दारुडा किंवा संशयी करून टाकतात. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली; दोघांची संमती असेल तर न्यायालयाला दोष सिद्ध करून दाखवण्याची गरज तेव्हापासून उरली नाही, तरी आमचे कादंबरीकार मात्र तो अजून सिद्ध करत बसले आहेत. पहिला नवरा वाईटच असेल, तर दुसऱ्याकडे जाण्यात धाडस ते कसले? तो चांगला होता, भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे, आणि तो फोटो नव्या घरात कुठे लावायचा हे कुणालाच सुचत नाही, अशी कथा मला अधिक धाडसी वाटते.

समजा, कथा आपल्याच भागातली आहे. ती गंगापूर रोडला राहणारी, सरकारी नोकरीतली विधवा. तो निफाडकडचा घटस्फोटित द्राक्षबागायतदार. ऑक्टोबरची छाटणी झाली आहे आणि आभाळ भरून आले आहे. कॉलेज रोडवर संध्याकाळी भेटायचे ठरलेले असताना त्याचा फोन येतो, “पाने ओली आहेत, डावणी येईल. फवारणी केल्याशिवाय निघता यायचे नाही.” (डावणी म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीचा रोग.) समोरची कॉफी निवत असताना या वाक्याचा ती काय अर्थ लावते, यावर चांगला लेखक पाच पाने खर्च करील. बाग बुडाली तर वर्ष बुडते, हे तिला कळते. पण यापुढे आपला क्रमांक नेहमीच बागेनंतर लागणार, हेही तिला त्याच क्षणी कळते, आणि तरीही ती पुढच्या रविवारी येते. जोखीम म्हणतात ती ही.

बाकीची जोखीम घरगुती बोलण्यात असते. पुण्याला दिलेली मुलगी म्हणते, “आई, तुझं तू बघ गं, पण सासरी मी काय सांगू?” यात विरोध नाही, संमतीही नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचे काय होईल, फ्लॅट कुणाच्या नावे राहील, असले प्रश्न प्रेमकथेत रुक्ष वाटतात म्हणून लेखक ते गाळतात. परंतु या वयातली माणसे प्रेमात पडल्यावर रात्री याच गोष्टींवर बोलतात, आणि त्या बोलण्यातला संकोच कोणत्याही कबुलीइतकाच हळवा असतो.

एक तक्रार शेवटाविषयी. नोंदणी कार्यालयातल्या सह्या, दोन हार, पेढे, आणि कादंबरी संपली! माझ्यासारख्या वाचकाला त्यानंतरचा पहिला पितृपक्ष वाचायचा असतो: पहिल्या पतीच्या तिथीला स्वयंपाक कुणी करायचा, आणि त्या दिवशी दुसऱ्याने घरी थांबायचे की बागेत जायचे.