ठसा उमटवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या घरांतला लाल कोबा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड मिसळून गवंडी तो थापीने इतका वेळ घोटत, की पुढे कित्येक वर्षे तो अनवाणी पायांना थंड आणि नितळ लागे. आज बंगल्यांच्या अंगणात आणि सोसायट्यांच्या वाटांवर दिसणारे स्टॅम्प काँक्रीट, म्हणजे दगडाचा किंवा विटेचा ठसा उमटवलेले रंगीत काँक्रीट, मी त्याच घराण्यातले मानतो. पुणे परिसरात मी याच कामाची कंत्राटे घेतो.

ग्राहक आधी नक्षी निवडतो, मी मात्र आधी जमीन पाहतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती तशीच ठेवून वर कितीही सुंदर काँक्रीट ओतले, तरी ते तडकणारच. म्हणून ती खोदून काढावी लागते, मुरूम भरून, पाणी मारून थरांथरांनी रोलरने दाबावा लागतो आणि पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ द्यावा लागतो. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो कमी करा असा आग्रह होतो. तिथे नम्रपणे काम नाकारणे हे मी फार उशिरा शिकलो.

काँक्रीट पसरून पृष्ठभागावर आलेले पाणी विरले, की रंगीत हार्डनरची, म्हणजे वरचा थर रंगीत आणि टणक करणारी भुकटी दोन हातांत भुरभुरवून फ्लोटने, म्हणजे सपाट फळीसारख्या थापीने, घोटायची असते. चौरस मीटरला साधारण 3 किलो. मग साचा चिकटू नये म्हणून रिलीज पावडर टाकायची. अंगठा दाबल्यावर स्वच्छ ठसा उमटतो, पण बोटाला काही लागत नाही, ती वेळ साच्यांची. उन्हाळ्यात ही वेळ फार थोडी टिकते. एका एप्रिलमध्ये रेडी मिक्सची गाडी सकाळऐवजी भर दुपारी आली आणि मी ती परत पाठवली नाही. निम्म्या अंगणावर ठसे खोल उमटले, उरलेल्या भागात काँक्रीट कडक होऊन नुसते ओरखडे उठले. तो भाग मी स्वखर्चाने फोडून पुन्हा केला. तेव्हापासून उन्हाळ्यातले काम आम्ही पहाटे सुरू करतो आणि एका दिवशी माणसांना झेपेल तेवढेच क्षेत्र घेतो.

दुसऱ्या दिवसाच्या आत कटरने सांध्यांच्या सरळ खाचा कापाव्या लागतात. 100 मिलिमीटर जाडीला 25 मिलिमीटर खोल आणि फार तर 3 मीटर अंतराने. काँक्रीट वाळताना आकसते. त्याला तडकायची जागा आपण नेमून दिली नाही, तर ते स्वतः शोधते, आणि बहुधा नक्षीच्या मधोमध. पाणी मारण्याच्या बाबतीतही साध्या स्लॅबची सवय इथे चालत नाही, कारण ओल्या गोणपाटाचे डाग रंगावर कायमचे राहतात. त्याऐवजी क्युरिंग कंपाउंड, म्हणजे काँक्रीटमधला ओलावा आत धरून ठेवणारे द्रावण, वापरावे.

छापील पुस्तिकेतला रंग अंगणात हुबेहूब उतरत नाही. त्यामुळे करारापूर्वी जागेवरच एक मीटर लांबी-रुंदीचा नमुना करून ग्राहकाची सही घ्यावी, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा सीलर, म्हणजे रंग जपणारा वरचा लेप, मारावा लागेल, हेही कागदावर लिहावे. लोणा येऊन रंग पांढुरका दिसू शकतो, हे आधी सांगितलेल्या ग्राहकाशी माझा कधी वाद झालेला नाही.

शेवटी माझ्या माणसांविषयी. ओले सिमेंट कातडी जाळते आणि पाण्याशिवाय सांधे कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांत कायमची बसते. गमबूट, हातमोजे, मास्क आणि कटरवर पाण्याची धार यांचा खर्च दरपत्रकात वेगळा दिसत नाही. मी तो चौरस फुटाच्या दरातच धरतो. माझा दर शेजारच्यापेक्षा थोडा जास्त का, असे विचारणाऱ्या ग्राहकाला मी हेच कारण सांगतो.