पस्तीस-सत्तर: स्वस्त झूमची किंमत कशी करायची

(दृश्य: ठाणे, जांभळी नाका. सकाळची गर्दी. भाजीवाल्यांच्या ओळीतून कॅमेरा गळ्यात अडकवलेली एक मुलगी चालते आहे.)

हिच्या गळ्यातला कॅमेरा निकॉनचा एफएम10. मामाचा. त्यावरची लेन्स कॅमेऱ्याच्या खोक्यातूनच आलेली: 35-70 मिलिमीटर, एफ/3.5-4.8. मिलिमीटरचा आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर दूरचं जवळ; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त. फोटोग्राफी शिकणाऱ्या कित्येक पोरापोरींचा हात याच जोडीवर बसला. आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी ना कुणी सांगितलंच, ही लेन्स काढून टाक, पन्नासची, म्हणजे 50 मिलिमीटरची झूम नसलेली लेन्स घे.

हिलाही सांगून झालंय. तिनं मामाला विचारलं, "मामा, ही विकून फिफ्टी घेऊ का?"

मामा म्हणाला, "विकून येणार किती? आधी हिच्यावर एक रोल पूर्ण काढ, मग बोल."

विकून खरंच फार काही येत नाही. फोर्टातल्या बोरा बाजारात जा, नाहीतर ठाण्या-वाशीच्या एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा. पन्नासची एफ/1.8 काचेच्या कपाटात मानानं बसलेली दिसेल. 35-70, 35-80, 28-80 अशा झूम मात्र एकीवर एक पडलेल्या असतात. भाव असा, की दोन-तीन रोल विकत घेऊन, धुऊन, स्कॅन करून आणायचा खर्च त्याच्या पुढे जावा. इतकी स्वस्त वस्तू वाईटच असणार, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून आधी ती स्वस्त का झाली ते पाहू.

(दृश्य: टेबलावर लेन्स. झूमची रिंग सावकाश फिरते, नळी पुढेमागे होते.)

झूमवरचा अविश्वास जुना आहे. 35 मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली 1959 साली, फोक्टलेंडरची झूमार, 36-82. ती वजनदार होती आणि महागही. 1963 मध्ये निकॉननं 43-86 आणली. ती हातात मावणारी, परवडणारी. खपली भरपूर आणि नावंही तेवढीच ठेवून घेतली. तिच्यात सरळ भिंत वाकडी यायची, उजेड समोर आला की फोटो फिका पडायचा. झूम म्हणजे तडजोड हा शिक्का तेव्हा जो बसला, तो पुढं झूम सुधारल्या तरी पुसला गेला नाही.

आणि त्या सुधारल्या. संगणकावर आरेखन होऊ लागलं, काचांवर अनेक थरांचं कोटिंग आलं, अ‍ॅस्फेरिकल (पूर्ण गोलाकार वळण नसलेली) भिंगं स्वस्तात बनू लागली. 1985 मध्ये मिनोल्टाचा 7000 आला, 1987 मध्ये कॅननची ईओएस मालिका. ऑटोफोकसच्या या लाटेत बॉडीबरोबर (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याबरोबर) पन्नासऐवजी छोटी झूम द्यायची पद्धत रूढ झाली. म्हणजे जितके कॅमेरे विकले गेले, जवळजवळ तितक्या झूम घराघरांत गेल्या. आज बाजारात त्यांचा पूर आहे तो त्यामुळे.

मागणी मात्र पन्नासला. डिजिटलवाले अडॅप्टर लावून जुनी पन्नास वापरतात, फिल्मवालेही तिच्याच मागे. छोट्या सेन्सरच्या निकॉनवर 35-70 लावली तर ती सुमारे 52-105 सारखी दिसते. ना रुंद, ना पुरेशी लांब. त्यामुळे डिजिटलवाला तिला विचारत नाही. भाव पडला तो या कारणांनी. काचेतून काय दिसतं याचा त्या भावाशी संबंध थोडाच आहे.

(दृश्य: पुन्हा जांभळी नाका. ताडपत्रीखालून झिरपणारा उजेड. मिरच्यांचा ढीग, तराजू, बाईचे हात.)

दिवसाउजेडी ही लेन्स काय करते ते इथं कळतं. बाजारात मागं सरकायला जागा नसते. पाठीमागे हातगाडी, बाजूला स्कूटर. 35 वर कर्णाच्या दिशेनं साधारण 63 अंशांचं दृश्य येतं, पन्नासवर 47 च्या आत. त्या फरकात भाजीवाली, तिचा तराजू आणि गिऱ्हाईक तिघंही बसतात. 70 वर नेली की नुसते हात. मध्ये लेन्स काढा-घाला नाही, फिल्मवर धूळ नाही, आणि समोरचा माणूस आपल्या कामात असतो तो तसाच राहतो. बाजारातल्या फोटोत मला ही गोष्ट लेन्सच्या शार्पनेसपेक्षा मोलाची वाटते.

ढगाळ पावसाळी दुपारी 400 आयएसओच्या (म्हणजे उजेडाला बऱ्यापैकी संवेदनशील) रोलवर एफ/8 ला 1/125 सेकंदाचा शटर सहज मिळतो. एफ/8 वर स्वस्त झूम आणि पन्नास यांतला फरक ओळखायला प्रिंट मोठी करावी लागते. आपण बघतो ती चार बाय सहा इंचाची प्रिंट. 300 डीपीआयनं हिशेब केला तर ती 1800 बाय 1200, म्हणजे 21-22 लाख पिक्सेलची. त्यात 400 च्या फिल्मचा दाणा आधीच दिसायला लागलेला असतो. लेन्सचे कोपरे किंचित मऊ आहेत की नाहीत, हा प्रश्न तिथवर पोचतच नाही.

आपल्या घरातले जुने लग्नाचे अल्बमही आठवून पाहा. फ्लॅशच्या उजेडात, एफ/8 च्या आसपास, अशाच झूमनं काढलेले कितीतरी फोटो त्यांत आहेत. त्यांतल्या कुठल्या फोटोला कोणती लेन्स होती, असं कुणी विचारत नाही.

(दृश्य: सीबीडी बेलापूर, आर्टिस्ट्स व्हिलेज. अंगणाभोवतीची घरं, मोठी झालेली झाडं.)

झूमचं खरं वैगुण्य बघायला ट्रान्स-हार्बरनं बेलापूरला यावं. ही वसाहत चार्ल्स कोरियांनी आखली, ऐंशीच्या दशकात उभी राहिली. छोट्या अंगणांभोवती एक-दोन मजली घरं. लोकांनी पुढं आपापल्या गरजेप्रमाणे मजले चढवले, गच्च्या झाकल्या. फोटो काढणाऱ्याला इथं भिंतीच भिंती. 35 वर, त्याहून जास्त 28-80 च्या 28 वर, फ्रेमच्या कडेला आलेली भिंत बाहेरच्या बाजूला फुगते. भिंत मध्याकडे घेतली की फुगवटा नजरेत भरत नाही. इमारतींचे सरळसोट फोटो हेच ज्याचं काम आहे, त्याला ही लेन्स पुरणार नाही. अंगणात बसलेल्या आजीचा फोटो काढणाऱ्याचं काही बिघडत नाही.

(दृश्य: तलावपाळी, संध्याकाळ. दिवे लागले आहेत.)

आता तिची खरी अडचण. मासुंदा तलावाच्या काठी सातच्या पुढं हीच लेन्स हात टेकते. 70 वर तिचं सर्वांत मोठं तोंड 4.8. एफ/1.8 च्या तुलनेत जेमतेम सातवा हिस्सा उजेड आत येतो. पन्नासवर जिथं 1/60 सेकंद मिळतो, तिथं इथं 1/8. भेळेच्या गाडीवरचा माणूस 1/8 ला स्थिर राहत नाही आणि आपला हातही राहत नाही. शिवाय एफएम10 च्या व्ह्यूफाइंडरच्या मधोमध फोकससाठी दुभंगलेलं चित्र जुळवायचं वर्तुळ असतं. तोंड लहान झालं आणि डोळा जरा सरकला, की त्याचा अर्धा भाग काळा पडतो. म्हणजे अंधारात फोटोही कठीण आणि फोकसही. घरात ट्यूबलाइटखाली हीच गत.

संध्याकाळ आणि घर हेच ज्याचं विश्व आहे, त्यानं पन्नासच घ्यावी, मी स्वतः तसंच सांगेन. पण ज्याचे रोल दिवसा संपतात, त्याला सातपट उजेडासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. आपले मागचे रोल काढून बघा, किती फोटो कुठल्या वेळेचे आहेत. उत्तर तिथं मिळतं, तज्ज्ञाला विचारावं लागत नाही.

ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी टिपायचे असतील तर मात्र 70 किंवा 80 ची आस धरू नका. गुलाबी ठिपक्यांची रांग येईल, बस.

(दृश्य: दुकानातला काउंटर. दोन लेन्स शेजारी शेजारी, एकीवर अ‍ॅपर्चर रिंग (लेन्सचं तोंड लहान-मोठं करणारं कडं) आहे, दुसरीवर नाही.)

घेताना पहिला प्रश्न भावाचा नको, बॉडीचा असू द्या. निकॉनची 28-80, एफ/3.3-5.6 जी ही याच जातीतली. वजन जेमतेम 195 ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला जोडायचा भाग) प्लास्टिकचा, आणि फोटो तिच्या भावाच्या मानानं फारच चांगले. पण 'जी' म्हणजे तिला अ‍ॅपर्चर रिंग नाही. एफ65, एफ75 सारख्या बॉडीवर ती उत्तम चालते. एफएम10 किंवा एफएम2 वर माउंट होईल, पण अ‍ॅपर्चर सर्वांत लहान तोंडावरच अडकून राहील. फुकट दिली तरी त्या कॅमेऱ्याला ती निरुपयोगी. कॅननच्या ईएफ झूम ईओएस बॉडीलाच बसतात, कॅननच्याच जुन्या एफडी माउंटच्या कॅमेऱ्याला नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही. आपली बॉडी बरोबर न्यावी.

दुसरं, बुरशी. आपल्याकडं याला सगळे फंगसच म्हणतात. ठाणे, नवी मुंबई म्हणजे खाडीकाठ, त्यात चार महिने पाऊस. चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवलेली लेन्स म्हणजे फंगसला आयतं घर.

(दृश्य: जवळून. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च. काचेच्या कडेला पांढुरके धागे.)

लेन्सचं तोंड पूर्ण उघडायचं. मागून टॉर्च मारायचा आणि पुढून, थोडं तिरकं धरून, आत बघायचं. सरळ बघाल तर झगमगाटात काही दिसत नाही, तिरकं धरलं की दिसतं. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. पण कडेकडून आत शिरणारे, फांद्या फुटल्यासारखे बारीक धागे दिसले तर तो फंगस. आणि सगळी काच दुधाळ वाटली तर हेझ. असली लेन्स उन्हाकडे तोंड केलं की फोटो धुतल्यासारखा फिका करते. मग मागची अ‍ॅपर्चरची छोटी दांडी बोटानं हलवून सोडायची. तोंड उघडणारी-मिटणारी आतली पाती टचकन परतली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल चढलंय. मॅन्युअल कॅमेऱ्यात याचा अर्थ एवढाच की एफ/11 लावाल आणि पाती वेळेत मिटणार नाहीत, जास्त उजेड लागून रोल ओव्हरएक्स्पोज होऊन येईल.

दुकानदार म्हणेल, "साफ करून घ्या की, होतं ते." होतं, महागड्या लेन्सचं. झूम उघडून आतल्या काचा पुसून पुन्हा नीट बसवायची मजुरी या लेन्सच्या भावाहून जास्त पडते. तेव्हा स्वस्त झूममध्ये फंगस दिसला की हातातली खाली ठेवायची आणि त्याच ढिगातली दुसरी उचलायची. त्या भरपूर आहेत हा आपला फायदा.

रिंग फिरवताना खरखर, नळीत डगडग, पुढच्या रिंगला पोचा, हे हातालाच कळतं. आणखी एक: बऱ्याच स्वस्त झूममध्ये फोकस करताना पुढचा भाग फिरतो, म्हणून पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवून लावायचा फिल्टर) वापरणाऱ्याला दर वेळी तो परत लावून घ्यावा लागतो. झूम बदलल्यावर फोकसही पुन्हा तपासावा.

घासाघीस करताना मनात रोलचा भाव धरावा. फिल्मवर प्रत्येक क्लिकला पैसे पडतात. स्वच्छ काचेची, पाती झटकन मिटणारी 35-70 तुम्हाला दोन रोलांच्या खर्चात मिळत असेल तर ती घ्यावी. चारपाच रोलांचे पैसे मागत असतील तर तेवढ्यात थोडी भर टाकून पन्नास येते, मग झूमचा हट्ट कशाला?

(दृश्य: घर. जेवणाच्या टेबलावर प्रिंट पसरलेल्या. मामा-भाची बघताहेत.)

पहिल्या रोलमधले 36 पैकी बाजारातले फोटो तिनं बाजूला काढले, ते सगळे नीट आलेत. तलावपाळीचे हललेत. मामानं ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "हे हललेत ते पन्नासनं काढ. माझ्या मित्राकडं एक पडून आहे, मागून देतो. ही विकू नकोस."

35-70 आता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात असते, चामड्याचं कव्हर काढून टाकलंय. आत सिलिका जेलची पाकिटं. दाण्यांचा रंग बदलला की ती बदलायची. आणि पावसाळ्यातही दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून वापरायची, कारण डब्यात पडून राहण्यापेक्षा हवेत आणि उजेडात फिरणारी लेन्स फंगसपासून जास्त काळ वाचते.