नेट गेलं? आधी दिवे बघा

नमस्कार मंडळी!

मागच्या गुरुवारी आमच्या पुण्यात, कर्वेनगरात लाईट गेली, म्हणजे नेहमीचीच दुरुस्तीची, आणि तीन तासांनी आली तशी शेजारच्या काकूंची हाक आली, "अरे बघ ना रे, वायफायच्या काड्या फुल दाखवतोय पण काहीच उघडेना!" मी पोचेपर्यंत काकांनी सगळे प्लग उपटून परत लावलेले, आणि कुठली वायर कुठे होती ते आता कुणालाच आठवेना.

तर पहिली गोष्ट, काड्या फुल म्हणजे नेट आलं असं नाही हं. काड्या फक्त कॉम्प्युटर ते राउटर एवढंच सांगतात, राउटरच्या पुढे बाहेर काय चाललंय ते भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचे दिवे सांगतात. त्यावर एलओएस नावाचा दिवा असतो, तो लाल झाला की प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे बहुतेक वायर कुठेतरी तुटलीय किंवा वाकलीय. काकूंकडे तो बंद होता, म्हणजे बाहेर ठीक. मग राउटर पाहिला, तर फायबरच्या डब्यातून येणारी वायर वॅन (म्हणजे बाहेरून येणारं नेट) लिहिलेल्या भोकात हवी ती काकांनी शेजारच्या लॅनमध्ये (ते घरातल्या कॉम्प्युटरसाठी) खोचलेली! बदलली, दोन-तीन मिनिटं थांबलो (हे थांबणं कुणालाच जमत नाही), मोबाईलवर नेट आलं.

पण कॉम्प्युटर अडूनच बसला. प्रत्येक साईटवर "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा. मी कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंग 8.8.8.8 टाइप केलं, म्हणजे गूगलच्या एका सर्व्हरला हाक मारली, त्याला उत्तरं आली, म्हणजे नेट चालू आहे. उत्तरं येऊनही साईटचं नावच सापडत नाही असं आलं तर डीएनएसचा घोळ समजायचा, म्हणजे नावावरून नंबर शोधणारी डिरेक्टरी चालत नाहीये. आणि कॉम्प्युटरचा नेटवरचा नंबर, म्हणजे आयपी पत्ता, 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही, वायफाय तोडून परत जोडा. इथे तेही नव्हतं, म्हणून सहज उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख, मंडळी, 2009 ची!

जुना कॉम्प्युटर, आतल्या बोर्डावरचा बटण सेल संपलेला, त्यामुळे लाईट गेली की घड्याळ पार मागे जातं. साईटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साईट खरी आहे हे दाखवणाऱ्या ओळखपत्राला, सुरू व्हायची आणि संपायची तारीख असते, आणि 2009 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं, मग तो दारच उघडत नाही. तारीख नीट केली आणि सगळं धडाधड उघडलं. सेलचा नंबर सीआर 2032, तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सहज मिळतो, फक्त बदलताना प्लग काढून ठेवा.

एलओएस लाल असेल तर मात्र घरात खटपट करू नका, पावसात झाडाची फांदी पडली की आपल्या हातात काही नसतं. केबलवाल्याला फोन करून "नेट नाही" म्हणण्यापेक्षा "एलओएस लाल आहे" म्हणा, तो थेट वायर जोडायचं सामान घेऊन येतो. आणि काका, ऐकत असाल तर ती फायबरची पिवळी बारीक वायर गुंडाळून खिळ्याला टांगलीत ना, ती आधी सोडा, आत काच आहे हो!